आत माया ठेवा

आमच्याकडे इस्त्रीचा हिशेब कालनिर्णयवर लिहायची पद्धत आहे. तारखेच्या चौकोनात वर दूध, खाली इस्त्री. दूध आता पिशवीचं झालं, त्याचे पैसे फोनवरून जातात. इस्त्री मात्र अजून चौकोनातच आहे, कारण इस्त्रीवाला महिनाअखेरीला स्वतःची वही घेऊन येतो आणि त्याच्या नि माझ्या आकड्यात दर महिन्याला दोन-तीन कपड्यांचा फरक निघतोच.

२०१९ च्या जानेवारीत मी त्या चौकोनात नुसता आकडा न लिहिता कपड्याचं नावही लिहायला लागले. 'निळा चौकडा, करडी पँट.' 'इरकल, हिरवी.' 'निळा चौकडा' परत. हेतू काही थोर नव्हता, फक्त इस्त्रीवाल्याशी भांडण जिंकायचं होतं.

पण मी हिशेबातली बाई. लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि मार्च उजाडला की हात आपोआप बेरजेकडे जातो. ३१ मार्चला रात्री साडेदहाला ऑफिसचं क्लोजिंग उरकून घरी आले, झोप लागेना, तेव्हा कालनिर्णयची तीन पानं घेऊन बसले. मग कपाट उघडून ऑफिसला घालायचे म्हणून घेतलेले सगळे कपडे मोजले. एकसष्ट निघाले. तीन महिन्यांत इस्त्रीला गेलेले वेगवेगळे कपडे किती? सतरा. बाकीचे चव्वेचाळीस नुसते लटकत होते. आणि तरी मी रोज सकाळी कपाटासमोर उभी राहून "घालायला काही नाही" म्हणत होते, आणि नवरा रोज "दार लावून घे, लागत नाहीये ते" म्हणत होता. दोघंही खरं बोलत होतो!

हे चव्वेचाळीस आले कुठून, ते आधी सांगते.

माझी पहिली नोकरी २००१ सालची, एका सहकारी बँकेच्या दादरच्या शाखेत. तिथे बायकांनी साडीच नेसायची असा अलिखित नियम होता, त्यामुळे कपड्यांचा विचार करायचं कामच नव्हतं. सहा साड्या, तीन ब्लाउज, संपला विषय. २००८ मध्ये मी लोअर परळला आले. काचेची इमारत, गळ्यात कार्ड, शुक्रवारी जीन्स. इथे कुणी काही सांगत नाही आणि सगळे सगळं बघतात. सुरुवातीची वर्षं मी जे समोर दिसेल ते घेत गेले: प्रदर्शनातली साडी, सेलमधले टॉप, मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला पलाझो.

मग २०१६ मध्ये मला बढती मिळाली आणि मी इंटरनेटवरची ती यादी वाचली. वाचली असेलच तुम्हीही. प्रत्येक नोकरदार स्त्रीच्या कपाटात हव्यातच अशा दहा वस्तू. पांढरा कडक शर्ट, काळी पँट, पेन्सिल स्कर्ट, बेज रंगाचा ट्राउझर, ब्लेझर, आणि ट्रेंच कोट. ट्रेंच कोट! डोंबिवलीत! मे महिन्यात तीन नंबर प्लॅटफॉर्मवर मी ट्रेंच कोट घालून उभी आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. तेवढा एक सोडला, बाकी सगळं घेतलं.

पांढऱ्या शर्टाचं आयुष्य एक दिवसाचं ठरलं. सव्वाआठची फास्ट, लेडीज डबा, दारातून आत ढकलली गेले आणि खांद्याला दाराच्या दांड्याचा काळा पट्टा उमटला. ऑफिसमध्ये दिवसभर डाव्या खांद्यावर पर्स टांगून बसले. पेन्सिल स्कर्टात करी रोडच्या पुलाच्या पायऱ्या चढता येत नाहीत. (दादरला उतरून स्लो पकडायची, करी रोडला उतरायचं, ही माझी रोजची वाट. फास्ट गाडी करी रोडला थांबत नाही.) बेज ट्राउझर आणि बेज टॉप घालून एकदा मीटिंगला गेले, तर मीटिंग रूममधला सोफा अगदी त्याच रंगाचा. मी बसले आणि दिसेनाशी झाले. फोटो काढला होता कुणीतरी. घरी मुलीला दाखवला, तेव्हा ती सातवीत होती. म्हणाली, "आई, तुझं फक्त डोकं आलंय."

ब्लेझर सगळ्यात महाग, साडेचार हजारांचा. तो मी मशीनमध्ये धुतला. चूक माझीच, आत लेबलवर स्पष्ट लिहिलं होतं. तयार ब्लेझरच्या छातीला आणि कॉलरला आतून एक ताठ कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. पाण्यात तो गोंद सुटला आणि छातीवर पापडासारखे फुगे आले. तोवर मी तो अकरा वेळा घातला होता. म्हणजे दर खेपेला चारशे नऊ रुपये. लोकलचा महिन्याचा पाससुद्धा त्याहून स्वस्त. आम्ही अकाउंट्सवाले याला घसारा म्हणतो. यंत्राचा काढतो, गाडीचा काढतो, कपड्याचा काढायचं कधी सुचलं नव्हतं.

त्या मार्चच्या रात्री मी सतरा कपडे पलंगावर पसरले आणि बघत बसले. यांच्यात काय आहे जे बाकीच्या चव्वेचाळीसांत नाही? रंग म्हणावा तर वेगवेगळे. किंमत म्हणावी तर दोनशेपासून दोन हजारांपर्यंत. बराच वेळ काही लक्षात येईना. मग एक उचलून नेहमीसारखा मुठीत चुरगळला, आणि अण्णांची आठवण झाली.

माझे वडील गिरणीत होते. साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या संपाचं काय झालं ते गिरणगावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. अण्णा भिवंडीला यंत्रमागावर लागले आणि आम्ही परळची खोली सोडून डोंबिवलीला आलो. पण साचेखातं त्यांच्या बोटांतून शेवटपर्यंत गेलं नाही. कणकवलीकडचे, त्यामुळे बोलणं मालवणी. दुकानात मी रंग बघून साडीवर झडप घातली की म्हणायचे, "डोळ्यांन नको गो, हातान बघ."

हातानं बघायचं म्हणजे असं. कापडाचा कोपरा मुठीत धरायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. सुरकुत्या राहतातच, पण हाताने झटकल्यावर त्या पसरतात की दुमडीसारख्या तशाच राहतात ते बघायचं. मग कापड उजेडाकडे धरायचं. उभे आडवे धागे सारखे दिसायला हवेत, कुठे विरळ कुठे दाट नको. दोन बोटांत धरून चोळायचं: पांढरी भुकटी निघाली तर ते अंग कापडाचं नाही, खळीचं आहे. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि हातात मच्छरदाणी उरते. शेवटी काठातून एक धागा ओढून काडेपेटी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. ही शेवटची परीक्षा ते दुकानात नाही, घरी येऊन करायचे, आणि मग पुढच्या खेपेला दुकानदाराला ऐकवायचे.

त्यात एक गफलत आहे, ती मला पुढे स्वतः पैसे घालवून कळली. रेयॉनही कागदासारखाच जळतो, कारण तोही लाकडाच्या लगद्यापासून होतो. दुकानात इतका मऊ, इतका सुंदर पडतो की बाई फसणारच. त्याच्यासाठी पाणी लागतं. धागा ओला करून ओढायचा. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो, रेयॉनचा लुळा पडून चटकन तुटतो. माझ्या चव्वेचाळीसांत अकरा रेयॉनचे कुर्ते होते. सगळे दोन धुण्यांत घोट्यावरून पोटरीवर आलेले.

तर पलंगावरच्या त्या सतरांत बहुतेक जाड सुती, दोन-तीन सुती-रेशीम मिश्र, दोन चांगल्या विणीच्या पँटा. सगळ्यांचं कापड हाताला भरीव लागत होतं. ते मी निवडलं नव्हतं. सकाळी सव्वासातला अंधुक उजेडात कपाटात हात घातला की हातानेच ते निवडलं होतं, रोज. डोळ्यांनी घेतलेले बाकीचे तसेच राहिले.

तेव्हापासून मी ऑफिसचे कपडे तयार घेणं जवळजवळ बंद केलं. कापड घेते आणि शिवते.

कापड हिंदमाताला. दादर पूर्वेला उतरून चालत जाते, पावसाळा सोडून. पावसाळ्यात हिंदमाताचं नाव कापडासाठी नाही, तुंबलेल्या पाण्यासाठी निघतं हे मुंबईकरांना सांगायला नको. मंगळगिरी सुती माझं लाडकं. आंध्रातलं कापड, अंग अगदी साधं, नुसत्या काठाला जरीची पट्टी, त्यामुळे ऑफिसला सभ्य आणि संध्याकाळी थेट हळदीकुंकवाला गेलं तरी चालतं. दुकानदार आता ओळखतो. मी मुठीत कापड धरून तोंडातल्या तोंडात आकडे मोजायला लागले की तो पोराला म्हणतो, "चहा आण, वेळ लागणार."

आणलेलं कापड लगेच शिवायला टाकायचं नाही. रात्रभर पाण्यात, सकाळी न पिळता दोरीवर, मग शिंप्याकडे. अडीच मीटरमागे दोन-तीन इंच सहज आटतं, ते शिवायच्या आधी आटलेलं बरं. पाण्यात मीठ टाकलं की रंग थांबतो असं आई सांगते. माझा तरी थांबलेला नाही. एका किरमिजी कापडाने मीठ खाऊन नवऱ्याचे तीन बनियन गुलाबी केले.

आता शिंपी. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या गाळ्यात बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. पहिल्यांदा गेले तेव्हा ब्लेझर घेऊन गेले होते, फुगे काढता येतात का विचारायला. मामांनी तो हातात घेतला, खांद्याच्या शिवणीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, याचं काय होणार नाही. आणि फुगे नसते तरी नसतं झालं. हा खांदा तुमचा नाही."

खांदा हा त्यांचा मुख्य मुद्दा. कंबर आत घेता येते, बाही लहान करता येते, उंची उलटता येते, पण खांदा चुकला तर सगळा कपडा उसवून पुन्हा कापावा लागतो, त्यापेक्षा नवा शिवलेला परवडतो. म्हणून तयार कपडा घ्यायचाच झाला तर आधी खांद्याची शिवण आपल्या हाडावर येते का बघा, बाकी मामा बघून घेतील. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हेही त्यांनीच सांगितलं. एकोणीस वर्षं त्या खांद्यावर पर्स टांगून लोकलने जाण्याचा परिणाम. आता सगळे कुर्ते डावीकडे अर्धा इंच उतरते शिवतात आणि गळा मधोमध बसतो. पूर्वी दर दहा मिनिटांनी गळा ओढून सारखा करायची मला सवय होती. ती गेल्यावर मला कळलं की ती होती.

पहिलाच कुर्ता शिवायला टाकला तेव्हा मी म्हटलं, "मामा, फिटिंगचा शिवा." मामा म्हणाले, "शिवतो. पण आत माया ठेवतो."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. हा शब्द मला शाळेतल्या शिवणाच्या तासाला शिकवला होता आणि मी विसरून गेले होते. तयार कपडे उलटून बघा, कडेला जेमतेम बोटाच्या पेराएवढं कापड असतं, तेही ओव्हरलॉक मारून कापून टाकलेलं. हजारो नग काढायचे तर प्रत्येकी दोन इंच वाचवणं त्यांना परवडतं. मामा दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडतात. "दोन वर्षांनी याल," असं ते शांतपणे म्हणाले. मला तेव्हा जरा रागच आला होता.

खिसा मात्र मी मागून घेतला. उजव्या कडेच्या शिवणीत, फोन आडवा जाईल एवढा खोल, आणि आतलं कापड पॉपलिनचं, कुर्त्याचं नाही. नाहीतर फोनच्या वजनाने कुर्ता एका बाजूला लोंबतो. बायकांच्या कपड्यांना खिसे न देणाऱ्यांना एक महिना डोंबिवली-दादर पास काढून द्यावा आणि हातात फोन, पास, डबा, छत्री देऊन सोडावं.

हिशेब सांगते. कापड साडेतीनशे रुपये मीटर, अडीच मीटरचे आठशे पंचाहत्तर. शिलाई सव्वापाचशे. चौदाशेचा कुर्ता. पहिल्या वर्षात कालनिर्णयप्रमाणे तो शेहेचाळीस वेळा इस्त्रीला गेला. दर खेपेला तीस रुपये, आणि अजून चालू आहे.

ब्लेझरच्या जागी जाकीट आलं. बिनबाह्यांचं, कुर्त्यावरून घालायचं. आमच्या ऑफिसात एसी इतका थंड असतो की बायका जूनमध्ये शाल पांघरून बसतात. शाल घेऊन बसलेली बाई, कितीही हुशार असो, समोरच्याला आजारी वाटते. जाकीट घातलं की उब मिळते आणि खांद्यांना आकारही येतो. खिडकीतून गिरणीचं एक जुनं धुराडं दिसतं. या भागात साचेखात्यात हवा मुद्दाम दमट आणि गरम ठेवत, कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून. अण्णा गंजीवर काम करायचे आणि तीही पिळून काढायचे. मी तिथून हाकेच्या अंतरावर जाकीट घालून कुडकुडते.

दोन जाकिटं आहेत. एक राखाडी, साधं. दुसरं खणाचं, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद, तो मुळात चोळीपुरताच विणतात. माझ्या जाकिटाच्या पाठीचा सलग भाग त्यातून निघेना. दोन तुकडे जोडावे लागतात आणि मग बारीक बुट्ट्या एका रेषेत जुळल्या नाहीत तर पाठीवर भूकंप झाल्यासारखं दिसतं. मामांनी दोन्ही तुकडे टाचण्या लावून उजेडाकडे धरले, बुट्टीवर बुट्टी येईपर्यंत सरकवले, कच्चा धागा घातला, परत उसवला, परत घातला. पाऊण तास. मी स्टुलावर बसून बघत होते. शेवटी पाठीच्या बरोबर मधोमध शिवण आली आणि ती शिवण आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. बारीक बुट्टीचं, गडद रंगाचं आहे म्हणून ऑफिसला चालतं. मोठ्या काठाचं, चकचकीत घेतलं असतं तर मी मंगळागौरीला निघालेली दिसले असते.

रंगांचं थोडं. त्या यादीत न्यूट्रल रंग म्हणून बेज, ऑफ व्हाइट, कॅमल असे होते. मी सावळी आहे. हे रंग माझ्यावर धुळीसारखे बसतात. खूप दिवसांनी उमगलं की न्यूट्रल म्हणजे फिका नव्हे. ज्याच्याशी कशाचंच भांडण नाही तो न्यूट्रल. माझा आमसुली आहे. भिजवलेल्या आमसुलाचा, काळ्याकडे झुकलेला जांभळट लाल. त्याच्यावर राखाडी चालतो, मोतिया चालतो, हळदी, पोपटी, चिंतामणी, सगळे चालतात. काळ्यासारखा दोन धुण्यांत मळकट दिसत नाही आणि लोकलचा डाग पोटात घेतो. माझ्या चार पँटांपैकी दोन आमसुली, एक करडी, एक गडद निळी. कुर्ते नऊ. अंधारात कुठलाही काढला तरी कुठल्याही पँटवर जातो. हे मुद्दाम जमवलंय, कारण सकाळी माझ्याकडे कपड्यांसाठी चार मिनिटं असतात.

नवरात्राचं काय, असं मैत्रिणी विचारतात. नऊ दिवस नऊ रंग, वर्तमानपत्रात यादी येते, ऑफिसात ग्रुप फोटो. लोकलचा अख्खा लेडीज डबा एकाच रंगाचा होतो, बघायला फार सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या चव्वेचाळीसांतले तेरा त्या नऊ दिवसांचे होते. वर्षात एकदा नेसायची नारिंगी, वर्षात एकदा पोपटी. आता मी त्या दिवसाच्या रंगाची ओढणी घेते किंवा बिल्डिंगमधल्या बायकांशी अदलाबदल करते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची नारिंगी साडी गेली तीन वर्षं मीच नेसतेय.

पावसाळ्याला वेगळा कप्पा. सुती प्रेम चार महिने बाजूला. हे मी २६ जुलै २००५ ला शिकले. तेव्हा बँकेत होते, नेसूची साडी जाड सुती. कमरेएवढ्या पाण्यातून सायनपर्यंत चालत गेलो आम्ही चौघी. सुती साडी भिजली की किती जड होते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. पदर, निऱ्या, परकर, सगळं पाणी धरून खाली ओढतं, पाय उचलत नाही. बरोबरची एक नायलॉनची साडी नेसून आली होती, आम्ही तिला नेहमी हसायचो. त्या दिवशी ती सगळ्यांत पुढे चालत होती. तेव्हापासून जून ते सप्टेंबर पॉलिस्टर मिसळलेल्या, घोट्याच्या वर संपणाऱ्या गडद पँटा, आणि ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडा कुर्ता, चपला आणि वर्तमानपत्र. वर्तमानपत्र ओल्या बुटांत बोळा करून घालायला. पेपर बंद केल्याचा एवढाच एक तोटा झाला. आता शेजाऱ्यांकडून मागून आणते.

साड्या पाच ठेवल्या. ऑडिटर येतात तेव्हा, आणि वर्षातून दोनदा बोर्डासमोर आकडे मांडायचे असतात तेव्हा मी साडीच नेसते. ड्रेसमध्ये मला कुणी मधेच तोडतं, साडीत तोडत नाहीत. का, ते माहीत नाही, पण पाच वर्षं बघतेय. त्यातली हिरवी इरकल अण्णांनी निवडलेली. दुकानात त्यांनी ती उलटी करून मला अंग आणि पदर जोडलेली जागा दाखवली होती. अंगाचे उभे धागे सुती, पदराचे रेशमी. ते मागावरच एकात एक फासे अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. बोटाने चाचपलं तर तिथे अगदी बारीक उंचवटा लागतो. "ह्या आमच्या साच्याक जमूचा नाय," असं म्हणाले होते, आणि ज्या माणसाने आयुष्यभर मागांवर काम केलं त्याने हे म्हणावं, म्हणून मी ती किंमत न विचारता घेतली. तिच्यावर आमसुली ब्लाउज. खरं तर पाचही साड्यांना मिळून ब्लाउज तीनच आहेत: आमसुली, काळा आणि खणाचा एक. साडीतला ब्लाउजपीस मी शिवतच नाही, मामा त्याच्या उशा शिवून देतात. आणि हो, फॉल लावायच्या आधी तो धुऊन घ्या. नाहीतर तो पहिल्या पाण्यात आटतो आणि काठ आयुष्यभर चुरमुऱ्यासारखा राहतो.

चव्वेचाळीसांचं काय केलं? कामवालीच्या मुलीने नऊ नेले, तिला रेयॉन आवडतो. मुलीने पेन्सिल स्कर्ट नेला आणि तो कापून काहीतरी केलं, काय ते मी विचारलं नाही. काही अजून बॅगेत माळ्यावर आहेत. सगळं देऊन टाकलं असं लिहिणार होते, पण नवरा हे वाचतो.

गेल्या महिन्यात मी मामांकडे गेले. २०१९ चा तो पहिला आमसुली कुर्ता घेऊन. दोन वर्षं म्हणाले होते, मी सहा काढली, त्याचा मला थोडा अभिमान होता. पण आता बसलं की कडेला ओढतो, श्वास धरून मीटिंग करावी लागते. मामांनी काही म्हटलं नाही. चष्मा कपाळावरून खाली ओढला, ब्लेड घेतलं आणि काखेपासून खाली शिवण उसवत गेले. दोन्ही बाजूंनी माया बाहेर आली, दीड-दीड इंच.

आणि तिचा रंग! बाहेरचा कुर्ता सहा वर्षांच्या उन्हात आणि धुण्यांत विटून जांभळट राखाडी झालाय, हे मला कळलंच नव्हतं, रोज बघत होते ना. आतली पट्टी मात्र दुकानातून आणली त्या दिवसाइतकी गडद. मी म्हटलं, "मामा, हे तर दिसणार." म्हणाले, "दिसू दे की. दोन्हीकडे सारखी दिसेल अशी शिवतो."

सोमवारी घालून गेले. कडेला दोन्ही बाजूंनी एकेक गडद पट्टी, काखेपासून चिरेपर्यंत. लिफ्टमध्ये आमच्या टीममधली नवी मुलगी मागून म्हणाली, "मॅम, हा टू-टोन कुठून घेतला?"

मी म्हटलं, हिंदमाता.